हास्यमंडळाचं अस्वल

भोंगाकाकांना न हसण्याची पहिली तंबी बस सुटायच्या आधी मिळाली आणि दुसरी बस सुटल्यावर लगेच. दोन्ही तंब्या काकूंनीच दिल्या. तिसरी द्यायला त्यांनी तोंड उघडलं, तेव्हा काकांनी आपण होऊनच ओठांवर बोट ठेवलं आणि ते खिडकीबाहेर बघत बसले. शहाण्यासारखं गप्प बसणं त्यांना उभ्या जन्मात जमलं नव्हतं, पण या दोन दिवसांपुरतं ते करून दाखवायचंच, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

काकांची सगळी हयात भाजीच्या घाऊक बाजारात लिलाव पुकारण्यात गेली. पोत्यांच्या थप्पीवर उभं राहून त्यांनी वांग्यांचा भाव पुकारला की पार मागच्या फाटकाशी गाड्या उतरवणाऱ्या हमालांनाही तो कळायचा. निवृत्त झाले आणि एवढ्या आवाजाचं करायचं काय, हा प्रश्न पडला. घरात तो मावेना. मग ते रोज सकाळी बागेत जमणाऱ्या हास्यमंडळात जायला लागले आणि सगळा आवाज हसण्यात उतरला. काका हसले की झाडावरची कबुतरं उडत, कुत्री भुंकत आणि समोरच्या इमारतीत नुकती डोळा लागलेली तान्ही पोरं दचकून रडायला लागत. त्या पोरांच्या आयांनी तक्रारही केली. मंडळाने मात्र त्यांना 'भोंगा' ही पदवी बहाल केली आणि काका ती छाती काढून मिरवायचे.

मंडळाचं हसणं मोठं शिस्तीत चाले. पुढारी होते ड्रिलमास्तर, शाळेत पोरांना कवायत शिकवून निवृत्त झालेले एक काटक गृहस्थ. तिथे विनोद वगैरे कुणी सांगत नसे. मास्तरांना तर विनोद कळतच नसत. त्यांनी दोन्ही हात डोक्याच्या वर नेले की सगळ्यांनी खदाखदा हसायचं आणि हात खाली आणले की गप्प व्हायचं. वर्षानुवर्षं रोज सकाळी हेच. कारण विचारायची पद्धत नव्हती.

काकू त्या गोलात कधी उभ्या राहिल्या नाहीत. बाजूच्या बाकावर सगळ्यांच्या पिशव्या, चष्मे आणि एकदोघांच्या कवळ्या सांभाळत बसायच्या. हसण्यासारखं काही झालेलं नसताना माणसं हसतात कशी, हे कोडं त्यांना सुटलं नव्हतं. लग्न झाल्यापासून 'हळू हसा' हे दोन शब्द त्यांनी जितक्या वेळा उच्चारले, तितक्या वेळा नवऱ्याला हाकही मारली नसेल.

तर अशा या मंडळाची अभयारण्याची सहल निघाली आणि ती काकूंमुळेच निघाली. काकूंनी नोकरीची सगळी वर्षं खेळण्यांच्या कारखान्यात काढली होती. कापडी अस्वलांना डोळे आणि नाक शिवून लावायचं, हे त्यांचं काम. हजारो अस्वलं त्यांच्या हाताखालून डोळस होऊन जगात गेली, पण खरं, चालतंफिरतं अस्वल त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. आपण लावतो ती नाकं फार आखूड आहेत, असा त्यांना तेव्हापासून संशय होता. आता पुढच्या महिन्यात दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं होतं आणि त्यानंतर बराच काळ उघड्या गाड्या आणि खाचखळग्यांचे रस्ते विसरा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मंडळात अभयारण्याचा विषय निघाला त्या दिवशी काकू घरी येऊन म्हणाल्या, "मला एकदा अस्वल बघायचंय. तुम्ही गप्प बसलात तर दिसेल."

काकांना आठवेना, हिने याआधी आपल्याकडे काही मागितलं होतं कधी. बाजाराच्या पायी त्यांनी तिला कुठे नेलं नव्हतं आणि तिने त्याबद्दल ब्र काढला नव्हता. भोंग्याला घरी ठेवून जावं काय, असं मंडळातल्या औषधवाल्यांनी चेष्टेत सुचवून पाहिलं होतं आणि त्या चेष्टेत निम्मं खरं होतं. काकांनी सगळ्यांसमोर शब्द दिला. दोन दिवस तोंडाला कुलूप.

शुक्रवारी संध्याकाळी मंडळी जंगलाच्या कडेच्या विश्रामगृहात उतरली. लांबलचक खोल्या, एकावर एक पलंग आणि कुरकुरणारी पत्र्याची कपाटं. वरचा पलंग कुणी घ्यायचा यावरून सत्तरीच्या माणसांत लहान पोरांसारखी भांडणं झाली. जेवणानंतर गाईडबाई आली. हडकुळी, शांत मुलगी, डोक्यावर मळकी हिरवी टोपी. ती इतकं हळू बोलायची की ऐकायला सगळ्यांना पुढे वाकावं लागलं. जंगलात भडक कपडे नकोत, अत्तर नको आणि आवाज तर मुळीच नको, असं तिने सांगितलं. मी एक हात वर केला की बाजूला बघायचं, दोन्ही हात वर केले की श्वासही जपून घ्यायचा, म्हणजे जनावर समोर आहे असं समजायचं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मास्तरांनी सर्वांच्या वतीने शिस्तीची हमी दिली. यात काही घोळ होऊ शकतो, हे त्या एवढ्या पिकल्या डोक्यांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही.

शनिवारी उजाडताना उघडी बस जंगलात शिरली. काकांनी खबरदारी म्हणून मोठा रुमाल बरोबर घेतला होता. कसोटी लगेच सुरू झाली. एक माकड वरच्या फांदीवरून औषधवाल्यांच्या टोपीकडे असं काही टक लावून बघायला लागलं की काकांच्या पोटात हसू उसळलं. त्यांनी रुमाल तोंडात कोंबला. पुढे एक रानडुक्कर ऐटीत रस्ता ओलांडताना मध्येच घसरलं. काकांचे कान लाल झाले, डोळ्यांतून पाणी आलं, पण आवाज फुटला नाही. शेजारी काकू डोळ्यांत तेल घालून त्यांच्यावर पहारा देत होत्या. हरणं आली नि गेली, मोर आले नि गेले, काकूंची नजर काही नवऱ्याच्या तोंडावरून ढळेना.

आणि पाणवठ्याच्या वळणावर अस्वल आलं.

मोठं थोरलं, काळंभोर, अंगभर झिपऱ्या. झुडपातून निघालं आणि उघड्यावर येऊन निवांत माती उकरायला लागलं. काकांना ते नीट दिसायच्या आधीच त्यांची मान बायकोकडे वळली. अस्वल पाहताना तिचा चेहरा कसा होतो ते त्यांना बघायचं होतं. ते खरं तर त्यासाठीच आले होते. पण काकू अस्वलाकडे बघतच नव्हत्या. त्या त्यांच्याकडे बघत होत्या.

काकांचं धाबं दणाणलं. बोलायची सोय नाही. त्यांनी डोळ्यांनी खूण केली, तिकडे बघ. काकूंना वाटलं, आता हे फुटणार. त्यांनी काकांच्या दंडाला सणसणीत चिमटा काढला. काकांनी भुवया उडवल्या, मान झटकली, रुमालाआडून हनुवटीने दिशा दाखवली. काकूंनी दुसरा चिमटा काढला, पहिल्यापेक्षा जोरात. एवढ्यात पुढे उभ्या असलेल्या गाईडबाईने वळून सगळ्यांना सावध करायला दोन्ही हात डोक्याच्या वर नेले.

आणि अख्खं हास्यमंडळ खदाखदा हसलं.

नेहमीसारखं, एका सुरात, पोटापासून. मास्तर सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत जोरात. गाईडबाई इतकी घाबरली की हात खाली घ्यायचं विसरली आणि हात खाली येईनात तोवर यांचं हसणं थांबेना. अस्वल जे पळालं ते झाडं मोडत पळालं. मंडळातला एकच माणूस हसला नव्हता. तो तोंडात रुमाल धरून, घामाघूम होऊन, दंड चोळत बसला होता.

दिवसभर मंडळी एकमेकांना दोष देत राहिली. मास्तरांनी जेवणाच्या वेळी उभं राहून माफी मागितली आणि ती मागताना सवयीने हात वर करणार होते, तेवढ्यात औषधवाल्यांनी ते धरले. मग मात्र असा हशा पिकला की ताटं हलली. गाईडबाईसुद्धा भिंतीकडे तोंड करून उभी राहिली आणि तिचे खांदे हलताना सगळ्यांनी पाहिले. पण अस्वल तर दिसलं ना, असं म्हणत प्रत्येकाने आपापलं अस्वल वर्णन करून सांगितलं. काकूंनीही हो हो, छान होतं, असं म्हटलं. काकांनी ताट अर्धंच टाकून हात धुतले.

दुपारी काकू ओसरीच्या पायरीवर गुडघ्यांना मलम चोळत बसल्या होत्या. काका शेजारी जाऊन बसले.

"नाक केवढं होतं गं त्याचं?" त्यांनी विचारलं.

काकूंचा हात थांबला. "मी नाही बघितलं," त्या म्हणाल्या. "मी तुमच्याकडे बघत होते."

"मला दिसत होतं ते."

"म्हणजे तुम्ही पण नाही बघितलं?"

काकांनी दुखरा दंड चोळला. काकूंनी मलमाच्या डबीचं झाकण लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. मग म्हणाल्या, "उद्या मी तुमच्याकडे बघणार नाही. तुम्ही नाही हसत, हे आज बघितलं मी."

काकांना एकदम भरून आलं. आपल्यावर एवढा भरवसा टाकलेला त्यांनी आजवर ऐकला नव्हता.

रविवारी मास्तर स्वतःहून आपले हात मांडीखाली दाबून बसले. गाईडबाईनेही खूण बदलली होती. मी टोपी काढली की गप्प, एवढंच तिने सांगितलं. बस फिरफिर फिरली. हरणं दिसली, ससे दिसले, कालचंच माकड पुन्हा टोपीवर डोळा ठेवून भेटलं. अस्वलाचा पत्ता नव्हता. ऊन वर आलं आणि गाडी परतीच्या रस्त्याला लागली. काकू अगदी शहाण्यासारख्या समोर बघत होत्या. काकांचा जीव मात्र टांगणीला लागला होता. आजचा दिवस गेला की गेलाच, हे त्यांना माहीत होतं.

फाटक जवळ आलं असेल नसेल, गाईडबाईने टोपी काढली.

रस्त्याच्या डाव्या हाताला एक झाड आडवं पडलं होतं. त्याच्या पलीकडून अस्वल आलं आणि त्याच्या पाठीवर, झिपऱ्या घट्ट पकडून, एक पिल्लू बसलं होतं. अस्वल खोडावर चढलं. थांबलं. हवेत नाक वर करून हुंगायला लागलं.

काकूंनी ते पाहिलं. काकांनी काकूंना पाहिलं. आधी काकूंचे डोळे विस्फारले, मग तोंड जरासं उघडं राहिलं आणि मग सुरकुत्यांसकट सगळा चेहरा असा उजळला की इतक्या वर्षांच्या संसारात आपण याआधी तो बघितला की नाही, असा काकांना प्रश्न पडला. काकूंच्या उजव्या हाताची दोन बोटं आपोआप जुळली आणि हवेत नाकाची लांबी मोजायला लागली. संशय खराच निघाला होता. कारखान्याची नाकं आखूडच होती. काकांना वाटलं, हे असंच चालू राहावं. त्यांना हसू येत नव्हतं, रडूही येत नव्हतं, नुसतं बरं वाटत होतं.

आपला आनंद दाखवायला काकू वळल्या, तर नवरा आपल्याच तोंडाकडे बघत बसलेला.

"अहो," काकू कडाडल्या, "माझ्याकडे काय बघताय, तिकडे बघा ना!"

आवाज असा होता की बाजारात पुकारायला चालला असता. झाडावरचे पक्षी भर्रकन उडाले. बसमधली सगळी डोकी मागे वळली. काकांनी झटक्यात मान वळवली, तेवढ्यात अस्वलाने खोडापलीकडे उडी टाकली होती. झुडपात नाहीसं होणारं एक काळं, केसाळ बूड आणि त्याच्यावर डुगडुगणारं पिल्लाचं छोटंसं बूड, एवढं त्यांच्या वाट्याला आलं.

"दिसलं?" काकूंनी विचारलं. त्या रडकुंडीला आल्या होत्या.

"दिसलं की," काका म्हणाले. "दोन बुडं दिसली."

काकूंनी क्षणभर त्यांच्याकडे बघितलं आणि मग त्यांना हसू फुटलं. कुणी हात वर केले नव्हते. त्या वाकून, गुडघ्यांवर हात मारत, डोळे पुसत हसत सुटल्या. हे हसू मंडळातल्या कुणी कधी ऐकलं नव्हतं. ते चांगलं खणखणीत होतं. काकांनी रुमाल तोंडापासून दूर केला आणि दोन दिवसांचं कोंडलेलं सगळं सोडून दिलं. मास्तर मांडीखालचे हात काढून टाळ्या वाजवायला लागले. गाईडबाईने ड्रायव्हरला गाडी इतक्यात सुरू करू नको म्हणून खूण केली आणि टोपी मांडीवर ठेवून, पुढच्या पायरीवर बसून, ती त्यांचं हसणं संपायची वाट बघत राहिली.