मांडीवर मेलेला शिपाई

मी एक जुना बाहुला आहे, मित्रांनो. पण मला कोणी खेळायला केलं नाही, मरायला केलं. सिनेमाच्या सामानाच्या गोदामात, मोडक्या ढाली आणि रबरी तलवारींच्या मागे, भिंतीला पाठ लावून मी बसलेला असतो. माझ्या छातीला भाल्याचं भोक आहे. इथे येणारा जो तो मला बघून आधी दचकतो, मग हसतो आणि हवं ते सामान उचलून निघून जातो. माझ्याशी चार शब्द बोलावेत असं कोणाला वाटत नाही. वाटणार तरी कसं? मेलेल्याशी कोण बोलतं?

माझ्या अंगात तारांचा सांगाडा आहे आणि त्यावर कापूस. मला शिवलं कपडेवाल्या ताईंनी. चेहरा मात्र एका जिवंत माणसाचा. तो होता फायटर, म्हणजे मारामारीच्या दृश्यांत मार खाणारा, पडणारा आणि मरणारा. वार बसला की गरकन फिरून पडायचा, म्हणून सगळे त्याला भोवरा म्हणत. त्याच्या तोंडावर प्लास्टर थापून, नाकात दोन नळ्या घालून त्याला बसवलं होतं. "हसू नकोस रे मेल्या, साचा बिघडेल!" म्हणून ताई ओरडत होत्या आणि त्याचं पोट गदगद हलत होतं, असं त्या नंतर सगळ्यांना सांगायच्या. त्या साच्यातून माझा चेहरा निघाला. डोळे मिटलेले, ओठही घट्ट मिटलेले. मला पहिल्यांदा पाहून भोवरा म्हणाला, "अरे वा! मेल्यावर मी इतका बरा दिसेन होय!"

ज्या सिनेमासाठी माझा जन्म झाला, तो जुन्या काळातल्या एका राजाचा होता. गोष्टीच्या नावानं मात्र बोंब. राजा चिडतो आणि माणसं मारतो. मग पुन्हा चिडतो आणि पुन्हा मारतो. शत्रू कुठला, त्याचं काय चुकलं, हे त्या बिचाऱ्या शत्रूलाही कोणी सांगितलं नव्हतं. लेखकानं एकदा धीर करून विचारलं, "साहेब, मधे थोडी गोष्ट घालू का?" दिग्दर्शक म्हणाले, "घाल की! पण तेवढ्यात दोन मुंडकी उडाली पाहिजेत."

भोवरा दिवसभर मरायचा. दाढी लावून मेला की दाढी काढून पुन्हा मरायला उभा. जिथे हाडं मोडायची भीती, तिथे मला फेकायचे. तटावरून मी पडलो, घोड्यांच्या पायांखाली मी गेलो. काम संपलं की तो माझ्या शेजारी टेकायचा, माझ्या तोंडावरचा चिखल पुसायचा आणि मनातलं बोलायचा. माझ्या आयुष्यातले सुखाचे दिवस तेवढेच.

त्याला एकच गोष्ट सलत होती. "इतकी वर्षं मरतोय बघ," तो मला सांगायचा, "पण आईला मी कधी पडद्यावर दिसलोच नाही. कधी डोक्यावर टोप, कधी नुसती पाठ. ती म्हणते, सिनेमात आहेस तर दिसत का नाहीस रे? आता थकलीय ती. डोळे शाबूत आहेत तोवर एकदा तरी माझं तोंड दिसू दे तिला."

आणि त्याचं नशीब उघडलं! एका शिपायाला राणीच्या मांडीवर डोकं ठेवून मरायचं होतं, तेही उघड्या चेहऱ्यानं, "माझ्या आईला सांगा..." एवढं म्हणून. ते काम भोवऱ्याला मिळालं. दिवे लावून होईपर्यंत त्याच्या जागी मला निजवलं. तशी पद्धतच आहे. उजेड जमला की नाही ते बघायला कॅमेराही थोडा चालवून पाहिला. मग मला उचललं आणि तो निजला. काय मेला म्हणून सांगू! राणीचं काम करणाऱ्या बाई खरोखरच रडू लागल्या.

पुढचं मला गोदाम सांभाळणाऱ्या सामानवाल्या काकांच्या बोलण्यातून कळलं. सिनेमा जोडायला बसल्यावर दिग्दर्शक वैतागले. "मरताना कशाला बोलतोय हा? लोक रक्त बघायला येतात, निरोप ऐकायला नाही. न बोलता मेलेला एखादा तुकडा नाही का?" जोडणाऱ्यानं शोधाशोध केली. "हा बघा, साहेब. काय शांत मेलाय! पापणीसुद्धा हलत नाही." तो मी होतो. घाईगर्दीत तेव्हा कोणाच्याही ध्यानात आलं नाही.

भोवरा मोठ्या हौसेनं आईला सिनेमा बघायला घेऊन गेला आणि पडद्यावर दिसलो मी! वर्तमानपत्रात छापून आलं की सिनेमाला शेंडा ना बुडखा, पण राणीच्या मांडीवर मरणाऱ्या शिपायाचा अभिनय तेवढा जिवंत. काका ते वाचून पोट धरधरून हसले. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्यानं मला चेहरा दिला, त्याच्याच वाटणीचा पडदा मी खाल्ला होता.

एका दुपारी भोवरा गोदामात आला. त्याच्या दंडाला धरून एक ठेंगणी म्हातारी हळूहळू चालत होती. ती त्याची आई. त्याच्या जागी निजलेला तो कोण, हे बघायचंच म्हणून ती हटून बसली होती.

मला खालपासून वरपर्यंत न्याहाळून ती म्हणाली, "मला तिथेच कळलं होतं, हा तू नव्हेस. जन्मात कधी तोंड मिटून झोपला नाहीस तू!"

भोवरा खाली मान घालून म्हणाला, "उगाच नेलं गं तुला. दिसलोच नाही मी."

"दिसला नाहीस? अरे, पुलावर पालथा पडलास तो तूच ना? दारामागे भाला लागला तो तू. दाढीवाला तू आणि टोपवालाही तूच. पडताना डावा हात आधी पोटाशी घेतोस. लहानपणी जिन्यावरून पडून कोपर मोडलं होतं, तेव्हापासून असाच पडतोस. लोक शिट्ट्या मारत होते आणि मी आपली तोंडावर हात धरून बसले होते. दर वेळी वाटायचं, आता उठतंय की नाही माझं पोर!"

भोवरा माझ्या शेजारी मटकन बसला आणि ढसाढसा रडला. आई त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. निघताना तिनं माझ्याकडे बघितलं. "आणि याचं कोण आहे रे?"

"याचं कोण असणार, आई? कापूस आहे नुसता."

तिनं माझ्या गालावरची धूळ बोटांनी पुसली, माझा दुमडलेला पाय सरळ केला आणि दोघं निघून गेली. भोवरा त्यानंतर इकडे आला नाही. आईनं पडण्याची कामं सोडायला लावली, असं काका म्हणत होते. बरंच झालं. पण मला त्याची फार आठवण येते.

मित्रांनो, पडद्यावर माणसं धडाधड पडू लागली की तुम्ही टाळ्या पिटता. पिटा, माझी ना नाही. पण त्यातल्या एखाद्याकडे तरी नीट बघा. तो कसा पडतो हे ठाऊक असणारं कोणीतरी तुमच्याच शेजारी अंधारात श्वास रोखून बसलेलं असेल. मी तटावरून कितीदा तरी पडलो. माझ्यासाठी कोणाचाच श्वास कधी अडकला नाही.