खांदा बसवणारं मुसळ

मी मुसळ बोलतोय. माझं बोलणं जरा दणक्याचंच असणार, आधीच सांगतो. जन्मभर उखळात आदळत आलोय, गोड कुठून बोलू?

मी खैराचा. सुताराने तासून गुळगुळीत केलं, लोहाराने बुडाला लोखंडी कडं ठोकलं, आणि बोर्ली पंचतनच्या बाजारातून मी आवडाबाईच्या घरी आलो. वाटलं होतं, भात कांडायचा आणि पडवीत टेकून उभं राहायचं. पण ही बाई हाडं बसवणारी निघाली! सकाळी माझ्याकडून भात कांडून घ्यायची, आणि कुणाचा खांदा निखळला की मलाच जुन्या लुगड्यात गुंडाळायची.

तिची रीत अशी. दुखणेकऱ्याला पाटावर उभं करायचं, मला त्याच्या काखेत घालायचं. माझी दोन टोकं दोघांनी खांद्यावर घेऊन उठायचं. माणूस काखेवर लोंबकळला की आवडाबाई त्याचा हात धरून खाली ओढायची. आत कट्ट वाजायचं. माणूस बोंबलायचा, घरच्यांचा उद्धार करायचा, आणि घटकाभराने तोच हात हलवून हसायचा. मग कोमट तेल, आंबेहळदीचा लेप, आणि हात गळ्यात बांधून घरी रवाना. दारात आलेल्याला परत पाठवायचं नाही, हा तिच्या सासूने घालून दिलेला नेम.

दुसराही एक नेम होता. हाड कसं निघालं ते आधी मोठ्याने सांगायचं आणि खरं सांगायचं. "खोटं बोलणारा अंग आखडून धरतो," आवडाबाई म्हणायची, "मंग हाड जागेवर येत न्हाय." लोक सांगायचेही. कुणी माडावरून पडलेला, कुणाला बैलाने उडवलेलं, कुणाला ताडी जास्त झालेली.

राहीने मात्र कधी खरं सांगितलं नाही.

ती भागोजी गाडीवानाची बायको. पहिल्यांदा आली तेव्हा तिचा ओठ फाटला होता, कानशिलावर वळ उठले होते आणि उजवा हात लुळा लोंबत होता. भागोजी मागेच उभा, हातात बैल हाकायची पराणी.

"कसं निघालं गो?" आवडाबाईने विचारलं.

"विहिरीवर पाय घसरला."

अंग असं आखडलेलं, की ओढून ओढून आवडाबाईला घाम फुटला. राही ओरडत होती. तिच्या काखेतला थरकाप माझ्या लाकडात उतरत होता. खांदा बसला एकदाचा, पण मला भागोजीचा असा राग आला म्हणून सांगू!

ती परत आली. मग परत. दर वेळी तीच विहीर आणि तोच घसरलेला पाय. भागोजी तिचा हात पिरगळून तिला अंगणभर फरफटत न्यायचा. एकदा दाराच्या चौकटीवर डोकं आपटून तिचा दातही पाडला. अख्खी वाडी तिच्या किंकाळ्या ऐकायची आणि सकाळी विहिरीला दोष द्यायची.

शेवटी आवडाबाई भागोजीला म्हणाली, "खांदा सैल झालाय. आता निघाला तर हात कायमचा जाईल तिचा. लावणी न्हाय, दळण न्हाय. कळतंय का?"

"मला काय सांगतेस?" भागोजी हसला. "विहिरीला सांग."

त्यानंतर एका दुपारी आवडाबाई भात कांडत होती आणि राही धावत पडवीत शिरली. हात पुन्हा लोंबत होता. मागोमाग भागोजी. त्याने पराणीचा एक तडाखा तिच्या पाठीत घातला. लुगडं फाटलं, रक्त आलं. मग त्याने तोच निखळलेला हात धरला आणि ओढला. असली किंकाळी मी कधी ऐकली नव्हती. आवडाबाईने मध्ये पडायला मला उखळाला टेकवून ठेवलं, आणि त्याच क्षणी राहीने डाव्या हाताने मला उचललं.

भात कांडणाऱ्या बाईचा हात तो! माझी लोखंडी कड्याची बाजू भागोजीच्या खांद्यावर उतरली. हाड निखळल्याचं मला स्पष्ट कळलं. तो उखळावर कोसळला आणि गुरासारखा ओरडायला लागला. माझ्याही कमरेला तेव्हाच तडा गेला. मला त्याचं काडीचं दुःख नाही.

वाडी गोळा झाली. आवडाबाईने आधी राहीचा खांदा बसवून हात झोळीत बांधला. मग भागोजीला अंगणात पाटावर उभं केलं आणि मला त्याच्या काखेत घातलं. एक टोक शेजारच्या बाबाजीने घेतलं. दुसरं घ्यायला राही पुढे आली.

"ती नको!" भागोजी ओरडला.

"कसं निघालं ते सांग आधी," आवडाबाई म्हणाली.

सगळी वाडी बघत होती. बायकोने मारलं म्हणायची त्याला लाज. "पाय घसरला," तो पुटपुटला.

"मंग तिला कशाला भितोस रं? उचला!"

ते दोघं उठले. भागोजी लोंबकळला, पाय हवेत झाडायला लागला. आवडाबाई हात बांधून समोर उभी राहिली.

"ओढ गो बाई, ओढ!"

"खरं बोल, मंग ओढते."

राही डाव्या खांद्यावर मला पेलून ताठ उभी होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण हलली नाही.

"मी मारलं तिला!" भागोजी अखेर बोंबलला. "कायम मीच मारलं! विहिरीवर कुणी घसरलं नव्हतं!"

आवडाबाईने हात ओढला. कट्ट.

राही त्या घरी परत गेली नाही. बाबाजीने तिचं गाठोडं आणून दिलं. गाडी विकून भागोजी मुंबईला निघून गेला. पुढे आवडाबाईने डोळे मिटले, आणि मी राहीचा झालो. तिचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. तड्यामुळे माझ्याने भात कांडवत नाही. पण हाडं अजून आम्ही दोघं मिळून बसवतो.

परवाच एक नवी नवरी आली होती, सोबत सासू. "पाय घसरला," पोर म्हणाली. राहीने सासूला बाहेर बसवलं, दाराला कडी घातली, आणि उजवा हात जेमतेम खांद्यापर्यंत उचलून दाखवला.

"मी पण घसरायचे गो," ती म्हणाली. "आता सांग."

तडा वाढतोय माझा. एक दिवस चुलीत जाईन, जाऊ दे. पण बायांनो, त्याआधी या, आणि खरं सांगा. मी अजून उभा आहे.