गवतातली सहा फुटांची वाट

मर्लिन कुचेरांचा करार रद्द झाला.

हे मी बोललोच नाही असं धरा. आज नेब्रास्कात जून महिन्यातला एक निवांत मंगळवार आहे, करार ठणठणीत आहे, आणि मी काउंटीच्या शेती कार्यालयात बसून आकाशातून काढलेले शेतांचे फोटो बघतोय. मला पगार त्याचाच मिळतो.

आमच्याकडे मका पेरला की सरकार पैसे देतं. नाही पेरला तरी देतं. मर्लिनकाका दुसऱ्या प्रकारातले. नव्वद एकरांवर दहा वर्षं गवत वाढू द्यायचं, नांगर लावायचा नाही, एवढंच त्यांचं काम. चाळीस वर्षं राबून जेवढे पैसे कधी सुटले नाहीत, तेवढे आता काहीही न करता मिळत होते, आणि त्याची त्यांना फार लाज वाटायची. अट एकच: एक मे ते पंधरा जुलै गवताला हात लावायचा नाही, लावला की करार रद्द. जमिनीवर घरटी करणारे पक्षी तेव्हा अंडी उबवतात.

फोटोत गवताच्या मधोमध एक रेघ होती. सहा फूट रुंद. एका टोकाला रस्ता, दुसऱ्या टोकाला कुचेरांची घरची दफनभूमी. आठ दगड, त्यातला एक नवा.

मी रेघेवर कॉफी सांडून पाहिली. फोटो संगणकावर असल्यामुळे फक्त कीबोर्ड गेला. तोवर लोइसबाई, आमच्या साहेब, मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या.

त्यांनी बोलावल्यावर काका इस्त्रीचा शर्ट घालून आले.

"मर्लिन, गवत तुम्ही कापलंत?"

"नाहीतर काय पक्ष्यांनी?"

"परवानगी मागायला हवी होती."

"बायकोला भेटायची? चौपन्न वर्षांत कधी मागितली नाही गं."

"चालत जायचंत."

"छातीएवढं गवत, लोइस. त्यात हा गुडघा. नऊ जूनला व्हर्नीसला वर्ष झालं. तिला वेडंवाकडं खपायचं नाही, म्हणून दोरी लावून कापलंय." मग माझ्याकडे वळून, "फोटोत सरळ आलीय ना रे?"

"एकदम सरळ, काका."

ते खूश झाले. लोइसबाईंनी मान खाली घातली.

करार गेला की जमीन शेजारच्या स्टॅनेकला खंडाने द्यावी लागणार होती, आणि स्टॅनेक म्हणजे कबरीच्या दगडाला टेकेपर्यंत मका पेरणारा माणूस. हे तिघांनाही माहीत होतं, त्यामुळे तो विषय कोणीच काढला नाही.

"वर अर्ज करून बघा," लोइसबाई म्हणाल्या. "अपवादात्मक परिस्थिती म्हणून."

"म्हणजे कसली?"

"पूर, वणवा, टोळधाड."

"मरण?"

बाईंनी यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. "जनावरांचं आहे."

काकांनी माझंच पेन घेतलं आणि काउंटरवर उभ्याउभ्या अर्ज लिहिला. पोचेचा शिक्का मारताना मी तो वाचला.

"विषय: तारखेत दुरुस्ती होण्याबाबत. महोदय, पक्ष्यांचा हंगाम पंधरा जुलैला संपतो व तो बदलता येत नाही, हे मला मान्य आहे. माझी पत्नी व्हर्नीस कुचेरा गतवर्षी नऊ जूनला वारली. तरी आपल्या अधिकारात तिच्या मृत्यूची तारीख सोळा जुलै करून मिळावी, ही विनंती. मधले सदतीस दिवस ती घरीच होती, असे धरावे. त्या मुदतीचे कोणतेही अनुदान मी मागणार नाही."