अडतीसने कोण जातं?

शाळेसमोर गाड्यांना सावध करणारा लुकलुकता दिवा बसवायचा की नाही, हे गावची कौन्सिल आज संध्याकाळी ठरवणार होती, आणि आठवीतल्या लारिसाच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तिची सहा वर्षांची बहीण डारिया रोज तो रस्ता चालत ओलांडायची. महापौर बोइचुक मागच्या बैठकीतच म्हणाले होते, "आम्ही मोजलंय. सरासरी वेग ताशी अडतीस किलोमीटर, मर्यादा चाळीस. दिवा कशाला?"

म्हणून वर्गाने स्वतःच खांबावर वेग मोजणारं यंत्र लावलं. आठवडाभराच्या एकशेवीस गाड्यांची नोंद संगणकात गेली आणि उत्तर आलं, अडतीस.

"घ्या. आपल्याच यंत्राने आपलं नाक कापलं," वर्गातला कॉडी म्हणाला.

"सरासरीवर काय थांबलायस?" वर्गशिक्षिका मिसेस होलोवाच म्हणाल्या. "गाड्या दाखव की."

लारिसाने बटण दाबलं. एकेका गाडीचा एकेक ठिपका पडद्यावर टपाटप येऊन बसला आणि बघता बघता दोन ढीग झाले. एक पाचच्या आसपास, दुसरा पंचावन्नच्या. मध्ये सगळं मोकळं.

"मिसेस, अडतीसने तर कुणीच जात नाही!"

तिने घाईघाईने ठिपक्यांना वेळेप्रमाणे रंग दिले. हळू गाड्या सगळ्या आठ पस्तीस ते आठ पंचेचाळीसमधल्या. लारिसाला एकदम लख्ख दिसलं. त्या वेळी शाळेच्या बस उभ्या असतात, कुशीतून लाल पाटी बाहेर काढून, आणि त्या पाटीपुढे जायची कॅनडातल्या या मॅनिटोबा प्रांतात कुणाची छाती होत नाही. गर्दी तेव्हाच म्हणून कौन्सिलने आणि वर्गानेही मोजणी तेव्हापासून सुरू केली होती, आणि बसमागे रांगणाऱ्या गाड्यांनी सरासरी खाली ओढली होती. बस गेल्या की मात्र सगळे सुसाट, आणि चालत येणारी पोरं तेव्हाच येतात. लारिसाला आनंदाने नाचावंसं वाटत होतं.

संध्याकाळी सभागृहातही तिचा आवाज तसाच उड्या मारत होता. बोइचुक मिशीतल्या मिशीत हसले. "पोरी, संगणक काय, हवं ते रंगवतो."

"मग हा कुणी रंगवला?" तिने सगळ्यात पुढचा ठिपका दाखवला. "मंगळवार, आठ सत्तेचाळीस. वेग एकाहत्तर."

तिसऱ्या रांगेत तिचे वडील पेट्रो उठले. टोपी हातात होती.

"तो माझा," ते म्हणाले. "बसमागे अडकलो होतो. गहू घेऊन कोठारावर पोचायला उशीर झाला होता."

शेजारी बसलेल्या डारियाने मान वर केली. "मंगळवारी मी तिथेच उभी होते, बाबा. मी हातसुद्धा केला. तू बघितलंच नाहीस."

पेट्रो मटकन खाली बसले.

बोइचुकांनी कागद बाजूला सारले आणि सगळ्यांच्या आधी दिव्याच्या बाजूने स्वतःचा हात वर केला. मग एकेक करत बाकीचे हात वर गेले. लारिसाने ते मोजलेच नाहीत. ती वडिलांकडे बघत होती. त्यांनी डारियाचा हात घट्ट धरून ठेवला होता.