जेलातल्या बोर्डाला माझा नमस्कार सांगू नका

मित्रांनो, मी एक जुना कॅरम बोर्ड आहे आणि माझा एक कोपरा फुगलेला आहे. हे आधीच सांगितलेलं बरं. नंतर कळलं की लोक हसतात.

लातूरच्या एका सुताराने मला घडवलं. मुरुडच्या गुरुपादप्पांनी मला आपल्या कापडदुकानाच्या ओट्यावर मांडलं. काय दिवस होते ते! रोज ताजी पावडर, डोक्यावर पिवळा बल्ब आणि चारी बाजूंनी कौतुक. मग बाहत्तरचा दुष्काळ पडला. आप्पांच्या पत्नी गौरम्मा यांनी मला उचललं आणि पाण्याच्या रांजणावर झाकण म्हणून ठेवलं. कोपरा फुगला तो तिथे. दुष्काळात ओल लागून बिघडलेला अख्ख्या तालुक्यात मी एकटाच असेन. तेव्हापासून सगळे मला 'झाकण' म्हणतात.

त्याच दुष्काळात रामकिशन ड्रायव्हरने एका सरकारी साहेबाच्या बंगल्याकडे निघालेला पाण्याचा टँकर आमच्या गल्लीत आणून रिकामा केला. गल्लीने घागरी भरल्या, रामकिशन जेलात गेला. घागरी भरून झाल्यावर गल्लीच त्याला टँकरचोर म्हणू लागली. सुटल्यावर तो सोलापूरकडे कामाला गेला.

पुढे लातूर जिल्हा झाला. त्या आनंदात आप्पांनी कॅरमची स्पर्धा ठेवली. मला पुसून पुन्हा ओट्यावर आणलं, आणि नेमका रामकिशन नाव द्यायला आला. खेळ तो शिकला होता जेलात. तोंडात सारखं तेच. "तिथला बोर्ड लई गुळगुळीत हो आप्पा. जशी काच!"

मित्रांनो, माझ्या अंगाची आग झाली. न पाहिलेल्या त्या बोर्डावर मी जळू लागलो. सरकारी छप्पर, सरकारी पावडर, आणि खेळणारे उठून जाण्याची भीतीच नाही! असं नशीब कुणाच्या वाट्याला येतं?

म्हणून आप्पा जेव्हा म्हणाले, "सजा झालेल्या माणसाला खेळता येणार न्हाई, स्पर्धेची इज्जत हाय," तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद मला झाला.

रामकिशन खाली बघत म्हणाला, "आप्पा, गावात परत राह्यला आलोय. तुमीच ओट्यावरून उठवलं तर उद्या भाड्यानं खोलीबी कुणी देणार न्हाई."

आतून गौरम्मा कडाडल्या, "मग तुमचंबी नाव काढा की! निजामाच्या जेलात कोण हुतं? दर झेंडावंदनाला तर सांगता."

"अगं, ते देशासाठी हुतं!"

"हाव. ह्याचं गल्लीसाठी हुतं. टँकरचं पाणी ह्याच बोर्डाखाली ठेवलं हुतं, आन् पहिला तांब्या तुमीच पिलाव."

सगळे माझ्याकडे बघू लागले, जणू मी साक्ष देणार. आप्पांनी स्ट्रायकर धोतराला पुसला आणि रामकिशनपुढे ठेवला. "बस. खेळ."

तो अंतिम डावापर्यंत पोचला. तिथे त्याने मारलेली राणी माझ्या फुगलेल्या कोपऱ्याने परत पाठवली. तो हरला. "झाकणच ते!" कुणीतरी हसलं. रामकिशन हसला नाही. त्याने खिशातली दस्ती काढून माझा तो कोपरा हळूच पुसला.

"खरं सांग," आप्पांनी विचारलं, "तिथला बोर्ड बरा का आमचा?"

"बोर्ड तिथलाच बरा, आप्पा. पण डाव संपल्यावर तिथून घरी जाता येत न्हाई."

मित्रांनो, वेळ आलीच तर बोर्डाचं झाकण जरूर करा. तहान मोठी असते. पण पाऊस पडून गेल्यावरही त्याला झाकण म्हणू नका. रामकिशनलाही टँकरचोर म्हणू नका.

बाकी त्या जेलातल्या बोर्डाला वाळवी लागो.