हं, बोला

आमच्या कुलूप-किल्लीच्या दुकानातला जुना फोन काढला, त्या दिवशी मी कुणाशी धड बोलले नाही. लग्न होऊन आले तेव्हापासून तो मीच उचलायचे आणि म्हणायचे, "हं, बोला." नमस्कार नाही न् चमत्कार नाही. घराबाहेर अडकलेल्या माणसाला कसले नमस्कार घालायचे?

सुनेने दुकानाचा फोन इंटरनेटवर नेला. "आई, तुमचे गुडघे बघा. आता घरी आराम करा," म्हणाली. म्हणजे माझी उचलबांगडीच की. पण खरा राग आला तो ह्यांचा. हे मागे कानशीने किल्ली घासत बसले होते, मान वर केली नाही. जगाची कुलपं उघडणारा माणूस, स्वतःच्या तोंडाचं मात्र कधी उघडलं नाही. "राहू दे तिला" म्हणाले असते तर जीभ झिजली असती का?

मी दुकानातून निघताना सुनेने माझ्या आवाजात रेकॉर्डिंग करून घेतलं. किल्ली बनवायची असेल तर एक दाबा, कुलूप उघडायचं असेल तर दोन दाबा. काहीच दाबलं नाही, तर निरोप रेकॉर्ड होऊन सुनेच्या मोबाइलवर जाणार. सवयीने माझ्या तोंडून आधी "हं, बोला" निघालं आणि मग मी दम घेतला. सून म्हणाली, असू दे, छान वाटतं.

घोळ तिथेच झाला. "हं, बोला" ऐकलं की लोक बोलायलाच लागायचे. पुढचं एक-दोन ऐकतंय कोण?

थोड्या दिवसांनी सून घरी आली ती हसतच. मी फुगून पलंगावर बसले होते. तिने शेजारी बसून निरोप ऐकवले. न्हाणीघरात अडकलेल्या एक बाई म्हणत होत्या, "अहो ताई, एक काय दाबा, मी कधीची दार दाबतेय." दातांचे डॉक्टर वैतागले होते. "ताई, मधे मधे बोलू नका, आधी माझं ऐका." राग विसरून मी पोट धरून हसले.

"आता हे तुमचे तुम्ही ऐका," म्हणत सून चहा ठेवायला उठली.

ह्यांचा आवाज होता. "काम काही नाही," हे म्हणत होते. "तुला घरी बसवलं तेव्हा मी गप्प राहिलो. दुकानाच्या पायऱ्या चढताना तू कण्हतेस, ते ऐकवत नाही मला. पण आता दुकान खायला उठतं. म्हणून लावतो फोन, तुझा आवाज ऐकायला. समोर असलीस की हे जमत नाही."

असे रोजचे निरोप होते. आपण बोललेलं कुठे साठतंय हे ह्यांच्या गावीही नव्हतं. मला रडू आलं आणि लाजही वाटली.

"मी पहिलाच ऐकला, पुढचे नाही," सून आतून म्हणाली. मग चहा देऊन तिने माझ्या मोबाइलवर काहीतरी बसवलं. दुकानाचा फोन आता आधी इथे, पलंगावर वाजणार. मी उचलला नाही, तरच रेकॉर्डिंग. "पहिल्या दिवशीच करणार होते, पण तुम्ही रुसून मोबाइल हातात देईनात." माझी जागा कुणी घेतलीच नव्हती, मीच तणतणत उठून आले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. नंबर ह्यांचाच.

"हं, बोला."

"आज एक किल्ली वाकडी कापली," ह्यांनी सुरुवात केली. "लक्ष नव्हतं. तू असतीस तर बोलली असतीस दोन शब्द." मग गिऱ्हाइकांचं झालं, डब्यातल्या भाजीचं झालं, माझ्या रिकाम्या खुर्चीवर हे कुणाला बसू देत नाहीत तेही झालं. मी उशीला टेकून नुसती ऐकत राहिले. एकाएकी हे थांबले.

"आज एक दाबा, दोन दाबा नाही आलं," हे चाचरत म्हणाले.

"काही दाबू नका," मी म्हटलं. "बोला."