वरचा आकडा, खालचा आकडा

साहेबांनी हात वर केला आणि रंगीत चेंडू फेकणाऱ्या माणसाला मध्येच थांबवलं. चेंडू झेलायला उभा असलेला त्याचा सहकारी हात पसरून तसाच राहिला. कर्मचाऱ्यांना दर सोमवारी एकमेकांकडे चेंडू फेकायला लावायचं, चेंडू फेकताना समोरच्याची एक चांगली गोष्ट सांगायची, आणि याला म्हणायचं प्रशिक्षण. साहेबांनी त्याला विचारलं, की चेंडू खाली पडला तर पगार कापता का. माणूस हसावं की नाही या विचारात घाम पुसू लागला.

साहेब एका मोठ्या कारखान्याचे निवृत्त प्रशिक्षण अधिकारी. त्यांच्या हाताखाली शिकलेला एकही माणूस यंत्रात बोट घालून बसला नव्हता, आणि त्यातला एकही माणूस त्यांना रस्त्यात भेटल्यावर थांबत नव्हता. उत्कृष्ट प्रशिक्षणाच्या पुरस्कारांसाठी ते दरवर्षी विनामूल्य परीक्षक होत. मेहुणा पुरस्कार देणाऱ्या संस्थेचा चिटणीस होता, त्याने गळ घातली होती. आपण नसलो तर ही मंडळी चेंडूवाल्यालाच हार घालतील, अशी साहेबांची खात्री होती. बाकीच्या चौघा परीक्षकांबद्दल त्यांचं मत काही फार बरं नव्हतं. बँकेतले गृहस्थ जेवण झालं की डुलक्या काढत. दोन प्राध्यापक एकमेकांच्या कागदात डोकावत. आणि सल्लागारबाई! कुणीही काहीही दाखवलं की त्यांचा चेहरा लेकीचं बाळ बघितल्यासारखा व्हायचा.

पुढची स्पर्धक एका रुग्णालयातली परिचारिका होती. तिने ना पडदा लावला ना संगीत. एक अरुंद खाट, उशी आणि दोन मदतनीस घेऊन ती आली होती. वॉर्डातल्या मदतनिसांना ती रुग्ण उचलायला शिकवायची. पहिले काही दिवस शिकणारे कुणाला उचलत नाहीत, ती म्हणाली, नुसते आडवे पडून स्वतःला उचलून घेतात. तिने परीक्षकांपैकी कुणी आडवं व्हाल का असं विचारलं. साहेब उठले. चूक जवळून चांगली दिसते, हा त्यांचा जुना अनुभव.

त्यांनी डोळे मिटले. दोघा मदतनिसांनी न बोलता त्यांच्या काखेत हात घातले, पाय धरले आणि त्यांना उचलून बाजूला ठेवलं. दुखलं काहीच नाही, पण त्यांची बोटं आपोआप खाटेची कड शोधू लागली. मग तिचा आवाज आला.

"आता माझा हात तुमच्या खांद्याखाली येईल. आला. आता मान मी धरते, तुम्ही सोडा. घाई नाही."

साहेबांनी मान सोडली. शेवटच्या आजारपणात आईला खाटेवरून हलवताना ती दर वेळी त्यांची बाही घट्ट पकडायची. ते वैतागून सोडवून घ्यायचे. म्हातारी उगाच घाबरते, असं तेव्हा सगळ्यांचंच मत होतं. साहेब उठून बसले. चष्मा पुसण्यात त्यांनी बराच वेळ घालवला आणि खोलीत धूळ फार आहे असं कुरकुरले.

चहा आल्यामुळे प्रश्नोत्तरं नंतर ठेवली. जाता जाता परिचारिकेने सांगितलं, की व्यवस्थापन तिचा वर्ग बंद करतंय. मदतनिसांना मोबाइलवर चित्रफीत पाठवली की झालं, असं ठरलंय. पुरस्कार मिळाला तर वर्ग ठेवू, असं वरिष्ठ म्हणालेत. तिने हे गयावया न करता सांगितलं.

साहेबांनी मेहुण्याला खिडकीपाशी गाठलं आणि आपण हिला पूर्ण गुण देणार असल्याचं जाहीर केलं. मेहुण्याचा कप बशीवर वाजला.

"द्या की, भाऊजी. पण तो आकडा मोजला जाणार नाही."

"म्हणजे?"

"सगळ्यात वरचा एक आणि सगळ्यात खालचा एक, असे दोन आकडे आम्ही काढून टाकतो. उरलेल्या तिघांची सरासरी."

हा नियम कधी केला, साहेबांनी विचारलं. मेहुणा चहात बघत म्हणाला, तुम्ही आलात त्याच्या पुढच्या वर्षी. खालचा आकडा दर वेळी साहेबांचाच असायचा. इतकी वर्षं त्यांनी ज्यांना ज्यांना शून्याच्या आसपास ठेवलं होतं, त्यांच्या निकालावर त्याचा ओरखडाही उठला नव्हता.

"मग मला बोलावता कशाला?"

मेहुण्याने इकडेतिकडे बघितलं.

"तुम्ही बोललात की बाकीचे जागे होतात. सल्लागारबाई तर उघडच सांगतात, तुम्ही ज्याला सोलून काढता त्याला गुण देताना त्यांचा हात सैल सुटतो. दोघे प्राध्यापक त्यांचं बघून लिहितात. गेल्या वर्षीचा पहिला नंबर आठवतो ना? त्याला तुम्ही इथेच रडवलं होतं."

साहेबांना आठवत होतं. निकाल ऐकून ते आठवडाभर घरात चिडचिड करत होते.

सगळे पुन्हा खुर्च्यांवर बसले. सल्लागारबाईंनी गोड हसून परिचारिकेचं कौतुक केलं आणि पेन कागदावर आडवं ठेवून दिलं. त्यांचं हे हसू साहेबांना पाठ होतं. चेंडूवाल्यालाही मघाशी तेच मिळालं होतं. प्राध्यापकांनी जांभया दाबल्या. परिचारिकेने साहेबांकडे बघितलं. तिच्या हातांवर मान सोडलेला माणूस आपल्या बाजूने आहे, एवढं तिला कळलं होतं.

साहेबांनी खुर्ची पुढे ओढली.

"बाई, माणसाला उचलायला एवढे दिवस शिकवता? उद्या दार उघडायचा वर्ग काढाल."

तिला आधी ती थट्टा वाटली. ती थोडी हसलीसुद्धा.

"हसू नका. रुग्णांशी गप्पा मारत बसायला मदतनिसांना पगार मिळत नाही. तुमच्या व्यवस्थापनाला अक्कल आहे, तुम्हाला नाही."

तिचा चेहरा उतरला. ती काहीतरी सांगू लागली, की घाबरलेला रुग्ण अंग आखडतो, मग तो पडतो. ती म्हणत होती ते अक्षर न् अक्षर खरं होतं. साहेबांनी ते हाताने झटकून टाकलं. सल्लागारबाईंच्या कपाळावर आठी आली होती, पण पेन जागचं हललं नव्हतं.

साहेबांनी घसा साफ केला.

"मघाशी मी आडवा झालो होतो. तुमचा हात लागला तेव्हा मला काय वाटलं सांगू? किळस."

परिचारिकेने उशी छातीशी धरली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. साहेब तिच्याकडे बघत नव्हते. ते सल्लागारबाईंच्या हाताकडे बघत होते.